टर्बोला दोष देण्याआधी

आजचा विषय जरा तेलकट हातांचा आहे. आपल्या घरांमध्ये सध्या एक नवीन हौस दिसू लागली आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून बाहेर पडते, पहिली नोकरी लागते आणि पहिल्या साठवलेल्या पैशांतून दारात एक जुनी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहते. कधी ही हौस मुलांची नसून निवृत्त झालेल्या बाबांचीच असते. गाडी दिसायला देखणी असते आणि घेतलीही स्वस्तात असते. दोन महिन्यांनी ती पिकअप घेईनाशी होते किंवा सिग्नलला बंद पडते. गॅरेजवाला बोनेट उघडतो, मान हलवतो आणि म्हणतो, "टर्बो गेला." मग हजारो डॉलर्सचा आकडा समोर येतो आणि घरात वादाला तोंड फुटतं.

अशा वेळी काय करायचं, हे आज आपण बघू. उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ, म्हणजे बोलणं मोघम राहणार नाही. ती म्हणजे पोर्शे ९४४ टर्बो. अमेरिकेत ही गाडी १९८६ ते १९८९ या मॉडेल-वर्षांत विकली गेली. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि २१७ हॉर्सपॉवर. १९८८ मध्ये आलेल्या टर्बो एस मध्ये २४७. पोर्शेच्या बाकीच्या जुन्या गाड्यांपेक्षा ती पुष्कळदा कमी किमतीत मिळते, म्हणून तरुण मंडळी तिच्याकडे वळतात. तुमच्याकडे दुसरी एखादी जुनी टर्बो गाडी असेल, तर सुट्या भागांची नावं बदलतील, पण तपासायचा क्रम फारसा बदलणार नाही.

मुद्दा थोडक्यात असा: जुन्या टर्बो गाडीत टर्बो हा सगळ्यात महाग भाग असतो, म्हणून संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो. प्रत्यक्षात गुन्हेगार बहुतेक वेळा एखादा तडकलेला रबरी पाईप, सैल क्लॅम्प किंवा थकलेला रिले असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. तेव्हा स्वस्त तपासणी आधी आणि महाग दुरुस्ती शेवटी, हा क्रम सोडायचा नाही.

आता टर्बो करतो काय, ते दोन मिनिटांत समजून घेऊ. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त आली की इंधनही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला पुढे बसवलेल्या इंटरकूलरमधून थंड करून मग इंजिनात सोडतात. म्हणजे एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंत हवेचा एक लांबलचक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर ठिकठिकाणी रबराचे सांधे आहेत. ९४४ टर्बोमध्ये हे रबर आज पस्तीस-चाळीस वर्षांचं असू शकतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत गाड्यांना ओबीडी-टू ही निदानाची व्यवस्था १९९६ पासून सक्तीची झाली. त्यामुळे पार्ट्सच्या दुकानातला छोटा स्कॅनर लावून या गाडीचा आजार कळत नाही. इथे डोळे, कान, नाक आणि थोडी तर्कबुद्धी हाच स्कॅनर. आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींना हे नवीन नाही. स्कूटर चालू झाली नाही की पेट्रोल आहे का बघायचं, मग प्लग काढून ठिणगी पडते का बघायचं, हे तुम्ही तरुणपणी हजार वेळा केलं आहे. तीच पद्धत इथेही लागते.

पण काहीही तपासण्याआधी एक प्रश्न विचारा: टायमिंग बेल्ट कधी बदलला? कागद आहे का? आधीच्या मालकाने "मध्ये कधीतरी बदलला होता" असं तोंडी सांगितलं असेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन कामाला येतं. त्यानंतर टर्बो चांगला आहे की वाईट, याला काही अर्थ उरत नाही. समोर दोन बेल्ट आहेत. एक कॅमशाफ्टचा, तोच पाण्याचा पंपही फिरवतो. दुसरा बॅलन्स शाफ्टचा. हा दुसरा बेल्ट तुटून पहिल्यात अडकला, तरी परिणाम तोच. जाणकार मेकॅनिक साधारण ३०,००० मैल किंवा तीन-चार वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा दोन्ही बेल्ट बदलायला सांगतात. बेल्टसोबत रोलर आणि सील बघून घेतात, आणि पाण्याच्या पंपाचं वय माहीत नसेल तर तोही बदलतात. बेल्टचा ताण नेमका लागतो, तो मोजायला वेगळं साधन असतं. नवीन बेल्ट बसवल्यावर साधारण २,००० मैलांनी ताण पुन्हा तपासून घेतलेला बरा. हे काम घरी शिकत शिकत करण्यासारखं नाही. ज्याने या गाडीवर आधी हे काम केलं आहे, त्याच्याकडेच द्या. गाडी घेतल्यावर पहिला खर्च हाच. चकचकीत चाकं आणि मोठा आवाज करणारा सायलेन्सर नंतर.

आता तक्रारी एकेक करून घेऊ.

पहिली तक्रार: गाडी चालूच होत नाही. किल्ली फिरवली की स्टार्टर इंजिन फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. किंवा गाडी गरम असताना बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी चालू होते. या गाडीत अशा वेळी पहिला संशय एका छोट्या रिलेवर घ्या. त्याला डी.एम.ई. रिले म्हणतात. इंजिनाचा कॉम्प्युटर आणि इंधनाचा पंप, दोघांनाही वीज याच्यातूनच जाते. आतलं डाख वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतं. गरम झालं की जोड सुटतो, थंड झालं की पुन्हा चिकटतो. नवीन रिले लावून बघा, काम मिनिटाचं आहे. ही गाडी असलेली बरीच मंडळी एक जादा रिले कायम ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. तुम्हीही ठेवा.

रिले बदलूनही चालू झाली नाही, तर कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही आर.पी.एम.च्या काट्याकडे बघा. स्टार्टर फिरत असताना काटा किंचित थरथरला, तर इंजिन फिरतंय ही बातमी कॉम्प्युटरपर्यंत पोहोचते आहे. काटा मेल्यासारखा पडून राहिला, तर फ्लायव्हीलजवळ बसवलेले दोन सेन्सर तपासायचे. एक वेग सांगतो आणि दुसरा फ्लायव्हीलची जागा सांगतो. त्यांच्या वायरी इंजिनाच्या मागच्या बाजूला, उष्णतेत राहून कडक होतात आणि तडकतात. आणि एक गंमत ऐका: दोघांचे प्लग दिसायला सारखेच असतात. नुकतंच कोणी तिथे काम केलं असेल आणि त्यानंतर गाडी चालू होत नसेल, तर प्लग एकमेकांच्या जागी लावलेत का, ते आधी बघा. फुकटात सुटणारा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार, आणि हीच सगळ्यात जास्त ऐकू येते: गाडी पिकअप घेत नाही. इथे डॅशबोर्डवरचा बूस्टचा काटा वाचायला शिका. हा काटा हवेचा एकूण दाब दाखवतो. म्हणून इंजिन बंद असताना किल्ली फिरवली, तर तो शून्यावर नसतो, १ च्या जवळ असतो. ते आपल्याभोवतीच्या वातावरणाचं वजन. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात तो थोडा खाली दिसणं साहजिक आहे. इंजिन नुसतं चालू असताना काटा ०.४ च्या आसपास उतरतो. पूर्ण जोर दिल्यावर मूळ स्थितीतल्या गाडीत तो १.७ च्या पुढे जायला हवा, म्हणजे वातावरणाच्या वर सुमारे ११ पी.एस.आय. मात्र काटा जुना आहे. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नका, बाहेरून साधा मीटर जोडून एकदा खात्री करा.

दाब कमी येतोय हे नक्की झालं, तर आधी पेट्रोलची पावती बघा. या इंजिनात ठोक्याचा आवाज ऐकणारा सेन्सर आहे. हलकं पेट्रोल भरलं आणि इंजिनात ठोके पडू लागले, की के.एल.आर. नावाचा दुसरा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे नेतो आणि टर्बोचा दाब कमी करतो. इंजिन वाचवण्यासाठीच तो हे करतो. आपण मात्र ८७ भरून डॉलर वाचवतो आणि मग गाडीत दम नाही म्हणतो. या गाडीला प्रीमियम लागतं. त्यात काटकसर नको.

पेट्रोल बरोबर असेल, तर मग हवेच्या रस्त्यावर चालत जा. एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा मीटर येतो, मग टर्बो, मग इंटरकूलर, मग इंजिन. आता नीट लक्ष द्या. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये कुठे चीर असेल, तर जोर दिल्यावर मोजलेली हवा बाहेर निसटते. कॉम्प्युटरला ते कळत नाही, तो मोजलेल्या हवेप्रमाणे इंधन देत राहतो. हवा कमी, इंधन जास्त, आणि सायलेन्सरमधून काळा धूर. तीच चीर गाडी उभी असताना उलट वागते. इंजिन बाहेरची न मोजलेली हवा आत ओढतं, इंधन कमी पडतं आणि गाडी एका लयीत उभी राहत नाही, आर.पी.एम. वरखाली होत राहतात. म्हणजे उभी असताना डुगडुगते आणि जोर दिल्यावर काळा धूर सोडते, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर टर्बोचा विचार बाजूला ठेवा आणि चीर शोधा.

ती शोधायची कशी? नुसत्या डोळ्यांनी पुष्कळदा दिसत नाही, कारण चीर पाईपच्या खालच्या बाजूला असते आणि दाब आल्यावरच उघडते. त्यासाठी प्रेशर टेस्ट करतात. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोच्या तोंडाशी झाकण लावून त्यातून थोडी दाबाची हवा सोडतात. दाब पाच-सात पी.एस.आय.च्या वर नेऊ नका, नाहीतर जुने सीलच उडायचे. मग साबणाचं पाणी फवारत जायचं. जिथे बुडबुडे, तिथे गळती. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात बुडवून शोधतात, तसंच हे. अनेक गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असतं, ते आणखी सोपं. हे एक काम गॅरेजमध्ये पैसे देऊन करून घेतलं, तरी ते नव्या टर्बोच्या किमतीपुढे काहीच नाही.

हवा कुठेही गळत नसेल, तर पुढची पायरी वेस्टगेटची. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा धुराला वेगळी वाट करून देणारी ही झडप. तिच्यावर एका विजेच्या व्हॉल्व्हचं नियंत्रण असतं, त्याला सायकलिंग व्हॉल्व्ह म्हणतात. झडप नीट बंद होत नसेल किंवा हा व्हॉल्व्ह बिघडला असेल, तर दाब अर्धवटच तयार होतो. उलट झडपेकडे जाणारी नळी निसटली, तर दाब प्रमाणाबाहेर जातो, आणि ते जास्त धोक्याचं. काटा नेहमीपेक्षा वर गेला, तर "वा, आज गाडी पळतेय" म्हणून खूश होऊ नका, पाय उचला. जादा दाबाने हेड गॅस्केट उडतं.

एवढं सगळं झाल्यावर मग टर्बोकडे जा. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना हवेकडचा पाईप काढा आणि चक्र बोटांनी हलवा. बाजूला अगदी थोडी हालचाल असतेच, कारण दांडा तेलावर तरंगणारा. पण आत-बाहेर हालचाल लागली, पाती भोवतालच्या घराला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पात्याचा टवका उडालेला असेल, तर टर्बो खरंच गेला. पाईपमध्ये तेलाचा पातळसा थर दिसला म्हणून घाबरू नका. इंजिनातली तेलाची वाफ याच रस्त्याने परत येते. थारोळं साचलं असेल, तर मात्र ते काळजीचं.

तिसरी तक्रार: धूर. काळ्याचं बोललो. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना निळा लोट आला, तर व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील. पण त्याआधी टर्बोतून तेल परत खाली नेणारी नळी आणि इंजिनाचा श्वास सोडणारी नळी तुंबली नाही ना, ते बघा. तेलाला खाली जायला वाट नसेल, तर चांगला टर्बोही तेल गाळतो. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. थंडीच्या सकाळी सुरुवातीला दिसणारी वाफ वेगळी, ती लवकरच निघून जाते. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस आणि जोडीला कूलंट कमी, असं दिसलं तर गाडी चालवू नका. कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट करून घ्या. कोणता सिलिंडर दुखतोय, ते त्यातून कळतं.

टर्बो चांगला असेल, तर तो चांगला ठेवणं आपल्या हातात आहे. तेल आणि फिल्टर वेळेवर बदला. इंजिन तापेपर्यंत जोर देऊ नका. हायवेवरून जोरात आल्यावर लगेच किल्ली काढू नका, शेवटचा मैल-दोन मैल शांतपणे चालवा. या गाडीत गरम इंजिन बंद केल्यावर विजेचा एक छोटा पंप टर्बोभोवती पाणी फिरवत राहतो. गाडी बंद करून क्षणभर कान द्या. ती गुणगुण कधीच ऐकू येत नसेल, तर तो पंप तपासा. टर्बोच्या मानाने तो स्वस्त आहे, आणि तो बंद राहिला तर टर्बोत तेल जळून कोळसा होतो.

आता घरातल्या मोठ्यांसाठी काही गोष्टी, आणि यांत तडजोड नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. सपाट जमिनीवर जॅक-स्टँड लावायचे, गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचं. गॅरेज बंद ठेवून इंजिन चालू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून दार ओढून घ्यायचा मोह होतो. गरम रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आणि पेट्रोलचा वास आला, तर त्याच क्षणी गाडी बंद. इंजिनावरच्या इंधनाच्या रबरी नळ्या इतक्या वर्षांनी कडक होऊन झिरपतात, आणि टर्बो गाडीत बोनेटखाली लालबुंद होण्याइतके गरम भाग असतात. गाडीत आणि गॅरेजमध्ये आग विझवायचं साधन ठेवा. इंधनाच्या नळ्या किती जुन्या आहेत हे माहीत नसेल, तर बेल्टच्या कामाबरोबरच त्या बदलून घ्या.

पैशांविषयी थोडं. अंदाजाने पार्ट बदलत सुटणं हा सगळ्यात महाग मार्ग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यापेक्षा एक साधी वही ठेवा. तारीख, मैल, काय लक्षण दिसलं, गाडी गरम होती की थंड, काय तपासलं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. ही वही मेकॅनिकसमोर ठेवली, की त्याचे निदानाचे तास वाचतात, म्हणजे तुमचे डॉलर वाचतात. मीटर, कॉम्प्रेशन टेस्टर अशी साधनं पुष्कळ पार्ट्सच्या दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतात, विकत घ्यायची गरज नाही. आणि गॅरेजवाला "टर्बो गेला" म्हणाला, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा: दाब किती आला? गळतीची तपासणी केली का? दांडा हलवून बघितला का? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर माणूस जाणकार आहे, त्याचं ऐका. उत्तरं नाही मिळाली, तर गाडी दुसरीकडे न्या.

कधी कधी सगळं तपासून झाल्यावर कळतं, की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर जाते आहे. तेही स्पष्ट आकड्यांत कळलेलं बरं. मग गाडी ठेवायची की विकायची, हे घरात बसून, वही समोर ठेवून ठरवता येतं. मुलाला "तुला आधीच सांगितलं होतं" ऐकवण्यापेक्षा त्याच्याबरोबर शनिवारी सकाळी साबणाचं पाणी घेऊन गळती शोधायला उभे राहा. तुम्हाला ठिणगी तपासायची सवय आहे, त्याला हवेचा मीटर कळतो. दोघांचं मिळून काम लवकर होईल.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी बेल्ट आणि इंधनाच्या नळ्या, मग रिले आणि सेन्सर, मग पेट्रोल, मग हवेची गळती, मग वेस्टगेट, आणि सगळ्यात शेवटी टर्बो. हा भाग ऐकताना लिहून घेता आला नसेल, तर ही संहिता आपल्या संग्रहात आहेच, ती छापून गॅरेजच्या भिंतीवर लावा. गाडी जपून चालवा, पट्टा लावा. नमस्कार.